मॅकडॉवेल काउंटी: लाखाच्या उंबरठ्यावरून एकोणीस हजारांवर

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, अगदी दक्षिणेच्या टोकाला, मॅकडॉवेल नावाची काउंटी आहे. १८८० च्या जनगणनेत तिथे ३,०७४ माणसं होती. १९५० मध्ये ९८,८८७. आणि २०२० मध्ये १९,१११. म्हणजे सत्तर वर्षांत लोकसंख्या बत्तीस पट झाली आणि पुढच्या सत्तर वर्षांत दर पाच माणसांमागे चार कमी झाली. मधे तिथे ना युद्ध झालं, ना दुष्काळ पडला, ना गावं धरणाखाली गेली.

कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: कोळशाच्या खाणी होत्या, कोळसा संपला, लोक निघून गेले. हे उत्तर अर्धंच खरं आहे. ज्या दशकात सगळ्यांत जास्त माणसं गेली, त्या दशकापुरतं तर ते चुकीचंच आहे.

आधी काउंटी म्हणजे काय ते बघू. अमेरिकेत अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत, त्यांतल्या ५५ वेस्ट व्हर्जिनियात. मॅकडॉवेलचं क्षेत्रफळ सुमारे १,३८० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या तालुक्याएवढं. पण कारभाराची रीत वेगळी. वरून नेमलेला कलेक्टर नसतो. शेरीफ, कर आकारणारा अधिकारी, सरकारी वकील, हे सगळे मतदानाने निवडून येतात. कारभार काउंटी कमिशनकडे असतो आणि शाळांसाठी पूर्ण काउंटीचं एक मंडळ असतं. शाळा, पोलीस, न्यायालयाची इमारत यांचा बराच खर्च त्याच भागातल्या मालमत्ता करातून निघतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागेल.

१८५८ मध्ये टॅझवेल काउंटीचा डोंगराळ भाग तोडून मॅकडॉवेल वेगळी केली गेली. तेव्हा हा सगळा मुलूख व्हर्जिनिया राज्यात होता आणि नावही व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर जेम्स मॅकडॉवेल यांचं. पुढे यादवी युद्धात व्हर्जिनियाचा पश्चिम भाग फुटला, २० जून १८६३ रोजी वेस्ट व्हर्जिनिया हे नवं राज्य झालं आणि मॅकडॉवेल त्यात आली. स्थानिक लोकांच्या आयुष्यात त्यामुळे फार फरक पडला नसावा. रस्ते नव्हतेच. डोंगरउतारावर मका, थोडी जनावरं, शिकार, एवढ्यावर काही शे कुटुंबं राहत होती.

तिथली जमीन कशी आहे ते डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. हा अपलाचियन पठाराचा भाग. पठार म्हटलं की आपल्याला सपाट माळ आठवतो, पण इथलं पठार पाण्याने इतकं कापून काढलं आहे की सपाटी जवळपास उरलेलीच नाही. टग फोर्क, ड्राय फोर्क, एल्कहॉर्न असे प्रवाह आणि त्यांना मिळणाऱ्या शेकडो ओढ्यांनी उभ्या, अरुंद घळी खोदल्या आहेत. घळीच्या तळाशी ओढा, त्याला लागून रस्ता, रस्त्याला लागून रेल्वेरूळ, आणि मग उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत घरांच्या एक किंवा दोन रांगा. लगेच डोंगर सुरू. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन वस्त्यांमध्ये गाडीने जायला अर्धा तास लागतो, कारण मधला डोंगर वळसा घालून ओलांडावा लागतो. आजही या काउंटीतून एकही आंतरराज्य महामार्ग जात नाही.

या घळींच्या भिंतींमध्ये कोळशाचे थर आडवे पसरलेले आहेत. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी इथे दलदलीची जंगलं होती, त्यांचा हा कोळसा. भूगर्भशास्त्रज्ञ त्यातल्या एका थराला पोकाहॉन्टस क्रमांक ३ म्हणतात. त्याच्या गुणामुळेच ही काउंटी जगाच्या बाजारात गेली. या कोळशात जळताना धूर करणारे वायुघटक कमी असतात, गंधक कमी, राख कमी आणि उष्णता भरपूर. अमेरिकी नौदलाला असा कोळसा हवाच होता, कारण धुराचा लोट निघाला की जहाज लांबून दिसतं. आणि हवा न लागू देता भट्टीत भाजला की त्याचा उत्तम कोक होतो. लोखंडाच्या खनिजापासून पोलाद करताना झोतभट्टीत हा कोक लागतो.

पण डोंगरातला कोळसा डोंगरातच असेपर्यंत त्याची किंमत शून्य. १८८३ मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने सरहद्दीपलीकडच्या, व्हर्जिनियातल्या पोकाहॉन्टस गावातून नॉरफोक बंदराकडे पहिला कोळसा नेला. १८८८ मध्ये डोंगरातून बोगदा काढून रूळ एल्कहॉर्नच्या खोऱ्यात उतरले आणि १८९२ पर्यंत हा मार्ग ओहायो नदीपर्यंत जाऊन भिडला. त्याच वर्षी काउंटीचं मुख्य ठाणं रेल्वेमार्गावरच्या वेल्च गावात आलं. १८९० मध्ये ७,३०० असलेली लोकसंख्या १९०० मध्ये १८,७४७ आणि १९१० मध्ये ४७,८५६ झाली.

इतकी माणसं आली कुठून? तीन दिशांनी. आसपासच्या डोंगरांतले गोरे शेतकरी. इटली, हंगेरी, पोलंडकडून जहाजाने आलेले कामगार. आणि व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, अलाबामा इथून आलेले कृष्णवर्णीय मजूर. १९१० च्या सुमारास काउंटीत दर तीन-चार माणसांमागे एक कृष्णवर्णीय होता. दक्षिणेतल्या राज्यांनी त्या काळात नाना नियम करून कृष्णवर्णीयांचं मतदान बंद पाडलं होतं. वेस्ट व्हर्जिनियाने तसं केलं नाही. शाळा इथेही वेगळ्याच होत्या, पण मत होतं, आणि संख्या होती. त्यामुळे मॅकडॉवेलमध्ये त्यांचं राजकीय वजन तयार झालं. कीस्टोन गावातून ‘मॅकडॉवेल टाइम्स’ हे त्यांचं वृत्तपत्र निघायचं. याच कीस्टोनच्या मिनी बकिंगहॅम हार्पर १९२८ मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेल्या. पतीच्या निधनानंतर रिकाम्या झालेल्या जागेवर गव्हर्नरांनी त्यांची नेमणूक केली होती. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याच्या विधिमंडळात बसलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. किंबॉल गावात त्याच वर्षी पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक उभं राहिलं. ती इमारत आजही आहे.

वस्त्या मात्र गावं नव्हती, कंपनीच्या वसाहती होत्या. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, चर्चची जागासुद्धा कंपनीची. पगारातला काही भाग कंपनीच्या टोकनांत मिळायचा आणि ती टोकनं कंपनीच्याच दुकानात चालायची. नोकरी गेली की घर गेलं. संप केला तरी घर गेलं. यांतली सगळ्यांत मोठी वसाहत गॅरी. ती वसवली युनायटेड स्टेट्स स्टील या पोलाद कंपनीने आणि नाव दिलं कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचं. खाणमालकांचे टोलेजंग वाडे बघायचे असतील तर मात्र शेजारच्या मर्सर काउंटीतल्या ब्रॅमवेल गावी जावं लागतं. मालक तिथे राहत.

कामगार संघटना या भागात शिरू नये म्हणून कंपन्या बाल्डविन-फेल्ट्स या खासगी गुप्तहेर संस्थेची हत्यारबंद माणसं बाळगत. शेजारच्या मिंगो काउंटीतल्या मेटवान गावात मे १९२० मध्ये या माणसांची आणि स्थानिकांची चकमक झाली. त्यात खाणकामगारांची बाजू घेणारा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड वाचला आणि कामगारांचा नायक बनला. पुढच्या वर्षी एका जुन्या गोळीबाराच्या आरोपावरून त्याला मॅकडॉवेलच्या न्यायालयात बोलावलं गेलं. १ ऑगस्ट १९२१ रोजी वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्या चढताना बाल्डविन-फेल्ट्सच्या माणसांनी त्याला आणि त्याचा साथीदार एड चेंबर्सला गोळ्या घातल्या. दोघांच्या बायका सोबत होत्या. महिनाअखेरीस हजारो सशस्त्र खाणकामगार दक्षिणेकडे चालून निघाले आणि लोगन काउंटीत ब्लेअर डोंगरावर लढाई झाली. ती थांबवायला केंद्र सरकारला सैन्य पाठवावं लागलं. इतकं होऊनही मॅकडॉवेलच्या खाणींत संघटना रुजली ती १९३३ नंतरच, कायद्याने संघटनेचा हक्क मान्य केल्यावर.

त्यानंतरची सतरा-अठरा वर्षं भरभराटीची, जीव मुठीत धरून केलेली भरभराट म्हणू या. जानेवारी १९४० मध्ये बार्टली खाणीतल्या स्फोटात ९१ जण गेले. पण काम होतं, संघटनेने मिळवलेला पगार होता, आणि दुसऱ्या महायुद्धात पोलादाची भूक अमाप होती. मॅकडॉवेल कोळसा उत्पादनात राज्यात आघाडीवर होती. शनिवारी संध्याकाळी वेल्चमध्ये खरेदीला इतकी झुंबड उडे की गाड्या लावायला जागाच मिळत नसे. म्हणून १९४१ मध्ये नगरपालिकेने बहुमजली पार्किंगची इमारत बांधली. पालिकेच्या मालकीची अशी ही अमेरिकेतली पहिलीच इमारत, असं वेल्चवाले अभिमानाने सांगतात.

आता १९५०. लोकसंख्या लाखाला जेमतेम अकराशे कमी. दहा वर्षांनी तीच ७१,३५९. एका दशकात साडेसत्तावीस हजार माणसं गेली. आणि कोळसा? तो जमिनीखाली भरपूर होता, निघतही होता.

झालं असं, की १९४० च्या दशकाच्या अखेरीस खाणीत एक नवं यंत्र आलं. फिरत्या दातांनी कोळशाचा थर ओरबाडून तो थेट मागच्या पट्ट्यावर टाकणारं. त्याआधी सुरुंग लावून कोळसा फोडायचा आणि माणसांनी फावड्याने डब्यांत भरायचा, अशी पद्धत होती. एका यंत्राने अशा भरणाऱ्यांच्या अख्ख्या टोळीची गरज संपवली. संघटनेचे प्रमुख जॉन एल. लुईस यांनी १९५० च्या करारात यांत्रिकीकरणाला हरकत घेतली नाही. बदल्यात दर टन कोळशामागे कंपन्यांकडून कामगारांच्या दवाखान्यांसाठी आणि पेन्शनसाठी निधी मिळवला. लुईस यांचं म्हणणं साधं होतं: थोड्या माणसांना चांगला पगार मिळावा, सगळ्यांना तुटपुंजा नको. ज्यांची नोकरी राहिली त्यांना ते फळलं. राहिली किती जणांची? संपूर्ण वेस्ट व्हर्जिनियात १९५० मध्ये सुमारे सव्वा लाख खाणकामगार होते, १९६० मध्ये पन्नास हजारांच्या आत. कोळशाचं उत्पादन या प्रमाणात मुळीच घटलं नव्हतं.

त्यातच गिऱ्हाईकं बदलत होती. घरं तापवायला तेल आणि गॅस आले, रेल्वे वाफेवरून डिझेलवर गेली. ज्या नॉरफोक अँड वेस्टर्नने ही काउंटी उघडली, ती वाफेची इंजिनं सोडणाऱ्या मोठ्या कंपन्यांत अगदी शेवटची. पण १९६० मध्ये तिनेही सोडली. पोलादाला लागणारा कोळसा तेवढा टिकून राहिला.

यंत्राचा फटका सगळ्यांना सारखा बसला नाही. फावड्याने डबे भरण्याच्या कामावर कृष्णवर्णीय कामगार जास्त होते, यंत्र चालवण्याच्या जागा मात्र गोऱ्यांना मिळत. त्यामुळे आधी कृष्णवर्णीयच गेले, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे. आज काउंटीत त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत आहे.

राहिलेल्यांची अवस्था १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात जॉन केनेडींनी स्वतः येऊन पाहिली. निवडून आल्यावर त्यांनी सुरू केलेल्या अन्नकुपन योजनेची देशातली पहिली कुपनं २९ मे १९६१ रोजी वेल्चमध्ये दिली गेली, पंधरा जणांच्या एका बेकार खाणकामगार कुटुंबाला. आज कोट्यवधी अमेरिकी लोक ज्या योजनेवर किराणा घेतात, तिची सुरुवात ही.

आलेखात एक जागा बुचकळ्यात टाकणारी आहे. १९७० मध्ये ५०,६६६ आणि १९८० मध्ये ४९,८९९, म्हणजे गळती जवळपास थांबली. कारण १९७३ चं तेलसंकट. तेल महागल्यावर कोळशाला पुन्हा भाव आला, भरती सुरू झाली, काहीजण शहरांतून परतले. मग १९८० च्या दशकात अमेरिकी पोलादउद्योगच कोसळला आणि १९८६ मध्ये युनायटेड स्टेट्स स्टीलने गॅरीच्या खाणी बंद केल्या. १९९० चा आकडा ३५,२३३. दोन्ही मोठ्या पडझडींची कारणं पूर्ण वेगळी आहेत: १९५० च्या दशकात काम होतं पण माणूस नको होता, १९८० च्या दशकात कामच गेलं.

बाकीच्या खाणगावांनीही असे धक्के खाल्ले आहेत. त्यांतली काही सावरली, दुसरे धंदे आले. मॅकडॉवेल का सावरली नाही? माझ्या मते याचं उत्तर त्या घळींत आणि सातबाऱ्यात आहे. कारखाना काढायचा तर सपाट जागा हवी, ती नाही. जी जमीन आहे ती मोठ्या प्रमाणात बाहेरच्या जमीन आणि खाण कंपन्यांच्या मालकीची. रेल्वे येण्याच्या सुमारास स्थानिक शेतकऱ्यांकडून जमिनी आणि खनिजहक्क किरकोळ किमतीत घेतले गेले, आणि १९०१ मध्ये रेल्वेने स्वतःच एका कंपनीमार्फत मोठा पट्टा ताब्यात घेतला. शंभर वर्षं डोंगर पोखरून निघालेल्या संपत्तीतून इथे राहिलं फार कमी. आता वर सांगितलेला मालमत्ता कर आठवा. माणसं गेली, घरांच्या किमती पडल्या, दुकानं मिटली की करही आटतो. कर आटला की शाळा नि रस्ते खंगतात, आणि ज्याला शक्य आहे तो आणखी एक जण निघतो. २००१ मध्ये काउंटीच्या शाळांचा कारभार राज्य सरकारने आपल्या हातात घेतला, तो जवळजवळ बारा वर्षं ठेवला.

पाण्याची गोष्ट तशीच. नळयोजना कंपन्यांनी आपल्या वसाहतींसाठी टाकलेल्या. कंपन्या निघून गेल्या, गंजके पाइप राहिले. काही वस्त्यांत वर्षानुवर्षं पाणी उकळून प्यायची सूचना लागू असते, लोक डोंगरातल्या झऱ्यावर कॅन भरतात. सांडपाणी अनेक घरांतून सरळ ओढ्यात जातं. पूर तर पाचवीला पुजलेला: घर ओढ्याकाठीच असणार, दुसरीकडे जागाच नाही. जुलै २००१, मे २००२, फेब्रुवारी २०२५, प्रत्येक वेळी मुख्य रस्ताच वाहून गेला किंवा चिखलाखाली गेला.

आरोग्याचे आकडे तर वाचवत नाहीत. खाणीतल्या धुळीने फुप्फुसं निकामी झालेली, दुखणी भरपूर, आणि त्यावर वेदनाशामक गोळ्यांचा सुळसुळाट. अफूवर्गीय औषधांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंत ही काउंटी देशात सर्वांत वरच्यांत गणली गेली. २०१० च्या सुमारास इथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६४ वर्षांच्या आसपास होतं. त्याच वेळी वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स काउंटीत ते ८२ च्या आसपास. दोन्हींमधलं अंतर गाडीने एका दिवसाच्या आत कापता येतं.

आता २०२० च्या आकड्याबद्दल थोडं, कारण तो दिसतो तितका सरळ नाही. १९,१११ म्हणजे १९०० च्या १८,७४७ च्या जवळपास. पण १९०० मधली माणसं तरणीताठी, नुकती आलेली होती. आजची वयस्कर आहेत. शिवाय अमेरिकी जनगणना कैद्याला तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते, आणि २०१० पासून वेल्चजवळ हजारावर कैद्यांचा केंद्रीय तुरुंग आहे. त्यामुळे गंमत अशी झाली की २०२० मध्ये वेल्च शहराची लोकसंख्या २,४०६ वरून ३,५९० वर ‘वाढली’. नंतर तुरुंग शहराच्या हद्दीबाहेर धरला गेला आणि पुढच्याच वर्षीचा अंदाज दोन हजारांच्या आत आला. कैदी वजा केले तर पूर्ण काउंटीही आज १९०० सालच्या आकड्याच्या खाली आहे.

तरी ती रिकामी नाही. खाणी पूर्ण बंद झालेल्या नाहीत. पोलादासाठीचा कोळसा अजून निघतो आणि बराचसा परदेशी जातो. अमेरिकी कोळशाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत भारत आहे, आणि २०१० मध्ये मुंबईच्या जेएसडब्ल्यू आणि एस्सार या दोन्ही उद्योगसमूहांनी वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कोळसा खाणी घेतल्या होत्या. वेल्च आणि आसपासची गावं आता पर्यटकांवरही विसंबतात: खाणींच्या जुन्या वाटांवर चारचाकी मोटारसायकली फिरवायच्या वाटा आखल्या आहेत, शनिवार-रविवारी त्यांचा आवाज घळीत घुमतो, आणि रिकामी घरं भाड्याने जातात. किंबॉलला २००५ मध्ये वॉलमार्ट आलं होतं. किराणा आणि नोकऱ्या दोन्हींचं ते मोठं ठिकाण होतं. २०१६ मध्ये ते बंद झालं.

शिक्षक मिळणं ही सध्याची मोठी अडचण. नेमणूक झाली तरी राहायला धड घर नसल्याने अनेक शिक्षक शेजारच्या काउंटीतून डोंगररस्त्याने रोज ये-जा करतात आणि वर्ष-दोन वर्षांत सोडतात. २०११ मध्ये शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने इतर संस्थांना जोडीला घेऊन काउंटीच्या पुनर्बांधणीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा त्यांच्या कामांत एक काम चक्क इमारत बांधण्याचं होतं. वेल्चच्या मध्यवस्तीत ती आता उभी आहे, शिक्षकांना भाड्याने देण्याच्या सदनिकांची.